दाजी गेल्यानंतरची पीएफ, विमा आणि पेन्शनची कामं : कोणाला किती गुण

१४ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे दाजी गेले. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, वय ४३. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चौदा वर्षं सीएनसी मशीनवर होते. दुसऱ्या पाळीहून आले, जेवून झोपले, पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी मान हलवली. मागे बहीण, अकरा वर्षांची भाची, सात वर्षांचा भाचा आणि बहिणीच्या सासूबाई.

कागदांचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मी शाळेत लिपिक आहे. दाखले, शेरे, जावक क्रमांक यांत माझा दिवस जातो. तरी या कामातली निम्मी नावं मी पहिल्यांदा ऐकली. पुढच्या आठ महिन्यांत जिथे जिथे गेलो, तिथे सेवा कशी मिळाली ते लिहितो आहे. ज्यांच्या घरी हे नुकतंच घडलंय, त्यांना हे वाचायलाही नको वाटेल. तेव्हा त्यांच्या भावाने, दिराने, मेव्हण्याने वाचावं.

पहिलं काम मृत्यूच्या दाखल्याचं. २१ दिवसांत नोंद केली तर शुल्क लागत नाही. दवाखान्यातूनच नोंद गेली होती, त्यामुळे दाखला लवकर मिळाला. प्रती मात्र भरपूर घ्या. मी चार घेतल्या होत्या, नंतर आणखी सहा काढाव्या लागल्या. आणि दाखल्यावरचं नाव आधार कार्डावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का, हे तिथेच खिडकीपाशी उभं राहून बघा. मी बघितलं नाही. दाखल्यावर वडिलांचं नाव पूर्ण होतं, पीएफच्या नोंदीत नुसतं आद्याक्षर होतं, आणि त्या एका अक्षराने आमचे तीन आठवडे खाल्ले.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो, ते सांगतो.

दाजींच्या कारखान्यातल्या माणसाने आम्हाला चहा दिला, सांत्वन केलं आणि म्हणाला, "पीएफचा फॉर्म भरून द्या, तीन लाखांच्या वर निघेल." एवढंच. बहिणीने मान हलवली, मीही हलवली. दाजींच्याच पाळीतला एक सहकारी आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आला आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, ईडीएलआयचं विचारलं का? आमच्यात मागे एक जण गेला, त्याच्या घरच्यांना सहा लाख मिळाले होते." तो फाटकापर्यंत आला नसता, तर बहिणीचे ६ लाख ८१ हजार रुपये कुठे आहेत हे आम्हाला कळलंही नसतं.

ईडीएलआय म्हणजे पीएफला जोडलेला विमा. योजना १९७६ पासूनची आहे. कामगाराच्या पगारातून यासाठी एक पैसाही कापला जात नाही. मालक पगाराच्या अर्धा टक्का भरतो, आणि बहुधा म्हणूनच पगाराच्या चिठ्ठीवर या विम्याचं नाव कुठे दिसत नाही. पीएफचा सभासद नोकरीत असताना गेला, की हा विमा लागू होतो. कारखान्यात जावं असं नाही, कामामुळे जावं असंही नाही. आजार, अपघात, हृदयविकार, काहीही चालतं.

हिशेब असा असतो. शेवटच्या बारा महिन्यांचा सरासरी पगार, म्हणजे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, घ्यायचा. तो १५ हजारांच्या वर असला तरी १५ हजारच धरायचा. त्याची ३५ पट करायची. त्यात पीएफ खात्यातल्या त्याच बारा महिन्यांच्या सरासरी शिलकीची निम्मी रक्कम मिळवायची, पण ही निम्मी रक्कम १ लाख ७५ हजारांच्या पुढे धरत नाहीत. एकूण जास्तीत जास्त ७ लाख. दाजींचं मूळ वेतन आणि भत्ता मिळून १६,८०० होतं, म्हणून १५ हजार धरले. त्याची ३५ पट ५ लाख २५ हजार. सरासरी शिल्लक ३ लाख १२ हजार, तिचे निम्मे १ लाख ५६ हजार. बेरीज ६ लाख ८१ हजार. मी हा हिशेब वहीत मांडून ठेवला होता, आणि खात्यात तेवढीच रक्कम आली. सलग बारा महिने नोकरी झालेली असेल, तर हिशेब कितीही कमी निघाला तरी किमान अडीच लाख मिळतात. त्यामुळे पगार थोडा होता, शिल्लक थोडी होती म्हणून कोणी सोडून देऊ नये.

पीएफ ऑफिसच्या सेवेला मी पाचपैकी साडेचार देतो. २०१७ पासून मृत्यूच्या दाव्याला एकच एकत्रित फॉर्म आहे. पूर्वी पीएफसाठी वेगळा, पेन्शनसाठी वेगळा आणि विम्यासाठी वेगळा असे तीन लागायचे. आता एकाच फॉर्मवर तिन्ही मागण्या करता येतात. पण तिन्ही रकान्यांवर खूण करायची असते. कारखान्याने आम्हाला जो फॉर्म अर्धवट भरून दिला होता, त्यात फक्त पीएफपुढे खूण होती. मदत खिडकीवरच्या बाईंनी तो हातात घेतला, बहिणीकडे बघितलं आणि विचारलं, "मुलं किती वर्षांची?" मग स्वतःच्या पेनाने पेन्शन आणि विमा या दोन्ही रकान्यांवर छोटे ठिपके काढून दिले. "इथे खूण करा, इथेही करा. आणि मुलांच्या नावाने वेगवेगळी खाती काढून आणा." त्या बाईंचं नाव मी विचारायला हवं होतं.

त्याच खिडकीवर दुसरी गोष्ट कळली, जी मला शाळेत इतकी वर्षं नोकरी करूनही माहीत नव्हती. दाजी २००९ मध्ये कामाला लागले तेव्हा अविवाहित होते. नामनिर्देशन, म्हणजे आपल्यामागे रक्कम कोणाला द्यायची ती नोंद, आईच्या नावे केलेलं. २०१० मध्ये लग्न झालं, पण नाव बदलायचं राहून गेलं. आम्हाला वाटलं, सगळी रक्कम आता सासूबाईंच्या नावे जाणार. बहीण काही बोलली नाही, पण आदल्या रात्री ती झोपली नव्हती, हे मला तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. बाईंनी सांगितलं की लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन कुटुंब झालं की पीएफच्या नियमाने रद्दच होतं. वैध नामनिर्देशन नसेल तर रक्कम कुटुंबात समान वाटली जाते, आणि कुटुंबात पत्नी, मुलं यांच्याबरोबर मुलावर अवलंबून असलेले आईवडीलही येतात. सासूबाई दाजींवरच अवलंबून होत्या. म्हणजे चार समान वाटे. विम्याची रक्कमही त्याच हिशेबाने, प्रत्येकी १ लाख ७० हजार २५०.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मला काय करायचेत पैसे? सुनेच्या नावाने लिहा." मी त्यांना म्हणालो, "मावशी, तुमच्या लेकाच्या कमाईतला तुमचा वाटा आहे, तुमच्याच खात्यात राहू द्या." आज त्यांचा वाटा मुदत ठेवीत आहे, व्याज त्या घेतात आणि नातवंडांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च हट्टाने स्वतः करतात. मुलांच्या वाट्यासाठी कोर्टाचा कागद लागला नाही. आई जिवंत आहे, ती नैसर्गिक पालक, तिची सही चालली.

अर्धा गुण कापला तो फॉर्मच्या भाषेसाठी. नवऱ्याला जाऊन महिना झालेल्या बाईला 'मृत सभासदाशी दावेदाराचे नाते' हा रकाना पहिल्याच पानावर भरायला लावू नये. तो नंतरच्या पानावर चालला असता. माझं म्हणणं कोणाला किरकोळ वाटेल, पण तिचा हात तिथे थांबलेला मी बघितलाय.

नावातल्या आद्याक्षराची दुरुस्ती कारखान्यामार्फत झाली. नोंद त्यांनीच २००९ मध्ये तशी पाठवली होती. दुरुस्ती झाल्यावर कागद पूर्ण झाले आणि तिथून पुढे पैसे यायला तीन आठवडेही लागले नाहीत. पूर्ण दावा वीस दिवसांत निकाली काढायचा, असा त्यांचा नियमच आहे. कारखाना बंद पडलेला असेल, तर मालकाच्या सहीऐवजी बँक मॅनेजर किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते. हेही तिथेच भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून कळलं. त्यांचा मुलगा गेला होता.

आता बँक. इथे मी पाचपैकी दोनच गुण देणार.

दाजींचं पगाराचं खातं ज्या शाखेत होतं तिचं नाव घेत नाही. तेराव्यानंतर मी पासबुक भरून आणलं आणि रात्री एकेक ओळ वाचत बसलो. ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी. माणूस गेल्यावर त्याचं पासबुक तीन वर्षं मागे जाऊन वाचावं. मे २०२३ च्या शेवटी ४३६ रुपये वजा झालेले दिसले. मे २०२२ मध्ये तशीच नोंद ३३० रुपयांची. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचा हप्ता. जून २०२२ पासून तो ३३० वरून ४३६ झाला, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळले. १८ ते ५० वर्षांपर्यंत या योजनेत नाव घालता येतं, संरक्षण ५५ पर्यंत चालतं. वर्ष १ जून ते ३१ मे. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी २ लाख रुपये. फक्त नवीन नाव घातलेल्या माणसाला पहिल्या ३० दिवसांत अपघात सोडून दुसऱ्या कारणाने मृत्यू आला तर मिळत नाहीत.

शाखेत गेलो. समोरच्या अधिकाऱ्याने संगणकात बघून सांगितलं, "अशी काही पॉलिसी दिसत नाही." मी पासबुकाची ओळ दाखवली. "ते कापले असतील, पण पॉलिसी दिसत नाही." मी विचारलं, पॉलिसी नाही तर पैसे कशाचे कापले? त्यांनी दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते रजेवर. तिसऱ्या खेपेला मी लेखी अर्ज नेला, दोन प्रती, एकीवर पोच मागितली. पोच मागितल्यावर शाखाधिकारी स्वतः बाहेर आल्या, दहा मिनिटांत दाव्याचा फॉर्म मिळाला. हा फॉर्म जनसुरक्षा योजनांच्या सरकारी संकेतस्थळावर मराठीत ठेवलेला आहे, बँकेकडे हात पसरायची गरजच नव्हती. सोबत मृत्यूचा दाखला, वारस म्हणून नाव असलेल्या व्यक्तीची ओळखपत्रं आणि तिच्या खात्याचा रद्द केलेला चेक. इथे नाव बहिणीचं होतं, कारण हा फॉर्म दाजींनी लग्नानंतर भरलेला. २ लाख तिच्या खात्यात आले. पैसे आले म्हणून दोन गुण. वागणुकीसाठी गुण देता येत नाही.

दाजींचं आणखी एका बँकेत खातं होतं. तिथेही असाच हप्ता गेला असता, तरी दावा एकदाच मिळाला असता. ही योजना माणसागणिक एकदाच लागू होते. वीस रुपयांवाली सुरक्षा विमा योजना मात्र फक्त अपघातासाठी आहे. तिचाही हप्ता पासबुकात होता. हृदयविकाराला ती लागू नाही, म्हणून आम्ही दावा केला नाही. एजंट म्हणवणारा एक जण घरी आला होता, "दहा टक्के द्या, दोन्हीचे काढून देतो" म्हणाला. त्याला मी दारातूनच परत पाठवला. या कामांना कुठेही फी नाही, मध्यस्थाची गरज नाही.

पगाराच्या खात्यातली शिल्लक काढायला काही लागलं नाही, कारण खातं दोघांचं होतं, दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील त्याने चालवावं असं. नाव कमी केलं, झालं. एवढं मात्र सांगतो, नुसतं एकट्याचं खातं असेल तर गेलेल्या माणसाच्या एटीएम कार्डाने पैसे काढू नका, घाई कितीही असली तरी. नाव नोंदवलेल्या वारसाने कागद दिले की पंधरा दिवसांत रक्कम द्यायची, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बांधून दिलेलं आहे. तेवढं थांबा.

नाव नोंदवलेला माणूस आणि रकमेचा खरा मालक यात फरक आहे, हेही मनात असू द्या. आयुर्विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच सांगितलं की नाव नोंदवलेल्या माणसाने रक्कम घ्यायची ती वारसांच्या वतीने. २०१५ मध्ये विमा कायदा बदलला आणि आईवडील, जोडीदार, मुलं यांचं नाव असेल तर रक्कम त्यांचीच धरली जाते. बँकेतल्या ठेवीला मात्र तसा बदल नाही. आमच्या घरात भांडण नव्हतं म्हणून निभावलं.

एलआयसीची एक पॉलिसी होती, लग्नानंतर काढलेली. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही, कारण सगळं सुरळीत झालं. तीन वर्षं उलटून गेलेली पॉलिसी विमा कंपनीला कोणत्याही कारणाने खोटी ठरवता येत नाही, कायद्याचं कलम ४५ तसं सांगतं. मूळ पॉलिसी, दाखला, फॉर्म दिला, पैसे आले. पाचपैकी पाच.

ग्रॅच्युइटी कारखान्याने स्वतःहून दिली, हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले पूर्ण झालेली वर्षं. १ लाख ३५ हजार ६९२ रुपये. हिशेब मी पडताळला, बरोबर होता. नोकरी सोडताना पाच वर्षं पूर्ण लागतात म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की दोन-तीन वर्षांतच माणूस गेला तर काही नाही. तसं नाही. मृत्यू झाला तर पाच वर्षांची अट नाही. ज्यांनी विम्याचं सांगितलं नाही, त्यांनीच ग्रॅच्युइटी वेळेत दिली, म्हणून कारखान्याला तीन.

राज्य सरकारच्या योजनांसाठी तहसील आणि महिला व बालविकास अशा दोन्ही कचेऱ्यांत गेलो. संजय गांधी निराधार योजनेत विधवांना दरमहा १५०० मिळतात, पण वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार. बहीण त्यात बसत नव्हती. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २० हजारही दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबालाच, कमावता माणूस १८ ते ५९ वर्षांचा असेल तर. आमच्या पुढे रांगेत एक बाई होती, नवरा रंगकाम करायचा, पडून गेला. ती निराधारच्या १५०० साठी आली होती आणि या २० हजारांचं तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. तिचा अर्ज मी तिथेच बाकावर बसून लिहून दिला. पुढे तिचं काय झालं ते कळलं नाही, पण तिच्या पिशवीत दाखल्याची एकच प्रत होती, तीही पाण्याने भिजलेली. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून आणखी पाच काढून आणल्या.

मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव तिला दिलंय. एक पालक गेलेल्या मुलांनाही ती लागू होते, केवळ अनाथांना नाही. २०२३ मध्ये रक्कम ११०० वरून २२५० झाली, प्रत्येक मुलामागे दरमहा, अठरा वर्षांपर्यंत. घरी येऊन चौकशी होते, बाल कल्याण समितीपुढे मुलांना घेऊन जावं लागतं. भाची तिथे अवघडून गेली होती. समितीतल्या एका ताईंनी तिला आधी शाळेतल्या खेळांबद्दल विचारलं, वडिलांबद्दल काहीच नाही. त्या दहा मिनिटांसाठी मी या सेवेला चार गुण देतो.

राहिली पेन्शन. पीएफच्या पेन्शन योजनेत दहा वर्षं भरली तरच पेन्शन, असा समज आहे. तो निवृत्तीसाठी खरा. नोकरीत मृत्यू आला, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पत्नीला पेन्शन मिळते, किमान १ हजार. शिवाय एका वेळी दोन मुलांना, आईच्या पेन्शनच्या पाव हिस्सा प्रत्येकी, पंचविसाव्या वर्षापर्यंत. रक्कम छोटी आहे, उगाच मोठी सांगणार नाही. बहिणीला मिळते त्यात विजेचं बिल आणि मुलांच्या शाळेची फी निघते. पण ती महिन्याच्या महिन्याला येते, आणि पासबुकात दाजींच्या नावाच्या जागी आता त्यांचा पेन्शन क्रमांक छापला जातो. बहीण दर महिन्याला पासबुक भरून आणते. मोबाईलवर दिसतं असं मी सांगून बघितलं, पण तिला छापलेलंच हवं असतं.

पेन्शन चालू राहावी म्हणून वर्षातून एकदा जीवन प्रमाणपत्र, म्हणजे हयातीचा दाखला, द्यावं लागतं. नोव्हेंबरची वाट बघायची गरज नाही, केव्हाही दिलं तरी तिथून वर्षभर चालतं. पहिल्यांदा मी तिच्याबरोबर सेवा केंद्रात गेलो. तिथे कामाला असलेल्या मुलाने आधार क्रमांक घेतला, अंगठा ठेवायला सांगितला आणि पडद्याकडे बघत विचारलं, "पुनर्विवाह केलाय का?" प्रश्न अर्जातच असतो, त्याचा काही दोष नाही. बहीण म्हणाली, "नाही." मग मशीनने अंगठा ओळखला नाही. दाजी गेल्यापासून ती शिवणकाम घेते, बोटं घासली गेलीत. मुलाने ओला रुमाल दिला, तिने बोट पुसलं, पुन्हा ठेवलं. चौथ्यांदा ओळखलं.